बाईंचं चौथं व्याख्यान

बालवर्गाचं दार कुरकुरायचं. बिजागरीत तेल घाला, असा अर्ज बाईंनी शाळेच्या कार्यालयात तीन वर्षांत तीनदा दिला होता आणि तिन्ही अर्ज तिथे सुखाने झोपले होते. दाराच्या संगतीने बाईही कुरकुरायला लागल्यात, असं मावशी म्हणायच्या. मावशी म्हणजे वर्ग झाडणाऱ्या, नाकं पुसणाऱ्या आणि ओल्या चड्ड्या बदलणाऱ्या. बावीस वर्षं दोघी एकाच खोलीत काढत होत्या, त्यामुळे त्यांना तेवढा बोलायचा अधिकार होता.

बाईंना कुरकुरायला कारणं काय कमी होती? खोली एक आणि मुलं छत्तीस. नळ दोन, त्यातला एक शोभेचा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दर तीन महिन्यांनी नवा तक्ता आणून टेबलावर ठेवायच्या आणि छत्तीस मुलांची प्रगती चौकोनात भरून मागायच्या. 'सूचना पाळते', 'मिसळते', 'स्वच्छ राहते'. पुढे उत्तम, मध्यम, कमी. चार वर्षांचं मूल त्या तीन शब्दांत कसं मावणार, हे बाईंनी एकदा विचारलं होतं. त्यावर मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "मावत नसेल तर मध्यम लिहा."

पण बाईंचा खरा राग होता तो पालकांवर. शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोवर कुणीतरी चार रेघी वही घेऊन दारात उभं राहायचं. "बाई, लिहायला कधी शिकवणार? आमच्या शेजारचा तर शंभरपर्यंत काढतो." मग बाई पदर खोचून सुरू व्हायच्या. अशी त्यांची एकूण चार व्याख्यानं होती आणि मावशींनी त्यांना नंबर दिले होते. एक नंबर लिहिण्याचं. आधी बोटांत बळ येऊ द्या, मणी ओवू द्या, माती मळू द्या, कपडे मळले तर धुता येतात. दोन नंबर मोबाइलचं. समोर चित्रं हलत असली की मूल जेवत नाही, नुसतं गिळतं. तीन नंबर तुलनेचं. प्रत्येक मूल आपल्या वेळेला बोलतं, शेजारच्यांचं घड्याळ आपल्या भिंतीवर टांगू नका.

आणि चार नंबर. ते बाईंचं सर्वांत लाडकं. घरी मूल हट्टीपणा करतं, त्रास देतं, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की हे बाहेर निघायचं. "शाळेत तर शहाण्यासारखं वागतं. मग मूल तेच आहे ना? दोष मुलात नाही, घरात आहे. तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडता. समोर बसा, डोळ्यांत बघा, शांतपणे एकदा सांगा." बोलणं सगळं खरं होतं. पण त्यात बाईंच्या वर्गाची स्तुती आयतीच गुंफलेली होती, आणि बाईंना ती गोड लागायची. मान खाली घालून पालक गेले की मावशी केरसुणी टेकवून म्हणायच्या, "आज चार नंबर झालं. परवा दोनदा एक नंबर झालं होतं."

बाईंच्या वर्गाची स्तुती मात्र खोटी नव्हती. छत्तीस पोरं त्यांच्या एका खुणेवर उठायची, बसायची. त्याचं गुपित बाईंच्या उजव्या हातात होतं. फार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं की लहान मुलाला नुसता शब्द पुरत नाही, शब्दाबरोबर हात हलला पाहिजे. बाकीच्या शिक्षिकांनी ते वहीत लिहून घेतलं, बाईंनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून त्या 'गोल करा' म्हणताना हवेत गोल काढायच्या, 'हात धुवा' म्हणताना तळवे चोळायच्या, 'लाल मणी' म्हणताना कपाळाच्या टिकलीला बोट लावायच्या. घरीसुद्धा नवऱ्याकडे मीठ मागताना चिमूट करून दाखवायच्या. नवरा शिंपी होता, मशिनीवरून मान वर न करता म्हणायचा, "हिचे हात बांधले तर ही मुकी होईल."

गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. साडेतीन वर्षांची, बारीक चणीची, कपाळावर केस आलेले. आई साबणाच्या कारखान्यात वड्या खोक्यात भरायची, त्यामुळे दोघींच्याही अंगाला एकच वास यायचा. मुलगी पहिल्या दिवसापासून बाईंना चिकटली. बाई फळ्याकडे गेल्या की फळ्याकडे, खिडकीकडे गेल्या की खिडकीकडे, आणि सारखी बाईंकडे बघत. मावशींनी तिचं नावच ठेवलं, 'बाईंचं शेपूट'. पुढे तिला सगळेच शेपूट म्हणायला लागले.

शेपूट बोलायची फार कमी, आणि जे बोलायची ते अर्धंमुर्धं. पण वागायला अशी गुणी की विचारू नका. बाईंनी हात वर केला की छत्तीस मुलांत पहिली गप्प तीच. तिचं बघून शिका, असं बाई बाकीच्यांना सांगायच्या. मोठ्या बाईंच्या तक्त्यात 'सूचना पाळते' समोर त्यांनी 'उत्तम' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि शेऱ्यात 'लाजाळू' असं टाकलं.

त्याच वर्षी एकदा शेपटीची आई दारात येऊन उभी राहिली होती. कारखान्याची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात ती धावत आली होती.

"बाई, ही घरी हाक मारली तरी बघत नाही. मागून बोललं तर ढिम्म. आणि बोलतही नाही अजून नीट. मला काहीतरी वेगळंच वाटतं."

बाईंना त्या दिवशी आधीच दोन चार-रेघी वह्या भेटल्या होत्या. त्यांनी तीन नंबर आणि चार नंबर सलग दिलं. "काही मुलं उशिरा बोलतात, घाई करू नका. आणि शाळेत येऊन बघा, माझ्या वर्गात हिच्याइतकं शहाणं मूल नाही. मशिनीच्या आवाजात काम करून घरी येता, तुमचा आवाज चढलेला असतो. जरा समोर बसून बोला तिच्याशी."

आई म्हणाली, "समोर बसलं की कळतं तिला. म्हणूनच तर..."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या.

आईने घड्याळ बघितलं आणि ती निघून गेली. ते अर्धवट वाक्य पुरं करायला ती पुन्हा आली नाही आणि बाईंनीही ते कधी विचारलं नाही.

या वर्षी शेपूट मोठ्या गटात आली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती पहिलीत जाणार होती. पहिलीच्या बाई खुर्चीतून न उठता शिकवायच्या आणि फळ्याकडे तोंड करून बोलायच्या. प्रवेशाच्या वेळी त्या मुलाला पाच प्रश्न तोंडी विचारत. उत्तरं आली नाहीत तर मोठ्या बाई पालकांना सांगत, दुसरी शाळा बघा. आपलं शेपूट पाचही सोडवेल, अशी बाईंना खात्री होती.

आणि मग बाई पडल्या. मुलांची चित्रं भिंतीवर लावायला त्या मुलांच्याच वीतभर उंचीच्या खुर्चीवर चढल्या. 'खुर्चीवर उभं राहायचं नाही' हे त्या दिवसातून दहा वेळा सांगायच्या, हवेत बोट नाचवून. खुर्ची कलली आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. पंजापासून कोपरापर्यंत प्लास्टर, वर गळ्यात झोळी. डाव्या हातात हजेरीपट. नवरा म्हणाला, "बघू आता, मुकी होतेस का." बाईंना हसू आलं नाही.

पाचव्या दिवशी त्या वर्गात आल्या त्या चिडूनच. हात ठणकत होता, आणि बदली शिकवायला आलेल्या मुलीने चार दिवसांत मण्यांचे सगळे डबे एकमेकांत मिसळून टाकले होते. "चला, हात धुवायला," बाई म्हणाल्या. मुलं उठली. शेपूट बसून राहिली. तिने प्लास्टरकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि सर्वांत शेवटी उठून रांगेत लागली.

मणी ओवायच्या वेळी प्रत्येकजण आपापल्या चटईवर, पाठीला पाठ करून. "एक लाल, मग दोन पिवळे," बाई म्हणाल्या. शेपटीने निळा घेतला. "लाल म्हटलं मी." तिने हिरवा घेतला आणि बाईंच्या झोळीकडे बघत हसली. दुसऱ्या दिवशी तेच. गोल करा म्हटलं तर ही मधोमध उभी. पुस्तक आण म्हटलं तर डबा आणला. तिसऱ्या दिवशी बाईंचा पारा चढला. चार दिवस नव्हते तर हिलाही वारं लागलं, असं त्यांना वाटलं. सबंध वर्गात भरवशाचं एक मूल होतं, तेही हातचं गेलं. त्यांनी तिला डाव्या हाताने धरून कोपऱ्यातल्या चटईवर एकटीला बसवलं. बावीस वर्षांत त्यांनी मोजून तीन-चार मुलांना तसं बसवलं असेल.

शेपूट रडली नाही. थोडा वेळ बसली, मग उठून बाईंपाशी आली. तिने प्लास्टरवर बोटांनी टकटक केलं, दार वाजवावं तसं. मग झोळीतून बाहेर आलेली बाईंची सुजलेली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि वर-खाली हलवून बघितली. एकदा, दोनदा. मग ती बोटं बाईंच्या कपाळापर्यंत, टिकलीपर्यंत न्यायला ती ओढू लागली, पण झोळी आड येत होती. तिने मान वर करून बाईंकडे बघितलं, आता तरी सांगा, असं.

बाईंना हात दुखल्याचं भान राहिलं नाही. दोन वर्षं ही आपल्या तोंडाकडे बघतच नव्हती, हाताकडे बघत होती, हे त्यांना उभ्याउभ्या कळलं. त्यांनी तिला मण्यांच्या डब्याकडे वळवलं, तिच्या मागे चार पावलं गेल्या आणि तिचं खरं नाव घेऊन हाक मारली. मग जोरात मारली. तिसऱ्या हाकेला वर्गातली पस्तीस मुलं गप्प होऊन बाईंकडे बघत होती आणि शेपूट मणी निवडत होती.

मावशी दारातून बादली घेऊन आल्या. दार नेहमीसारखं कुरकुरलं, पस्तीस माना वळल्या.

"ही कधीच वळत नाही दाराकडे," मावशी म्हणाल्या. "मला वाटायचं, किती ध्यान देऊन काम करते पोरगी."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुम्ही तिला शहाणी म्हणत होतात. मी कोण बोलणारी?"

बाईंना मावशींचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण तो ज्या बाईवर यायला हवा होता ती बाई झोळी अडकवून त्यांच्याच जागेवर उभी होती. ज्या खुणांचा त्यांना एवढा अभिमान, त्याच खुणांनी त्यांनी मुलीचे कान दोन वर्षं झाकून ठेवले होते. एखादी आळशी, खुर्चीत बसून ओरडणारी शिक्षिका असती तर पहिल्या महिन्यातच कळलं असतं. हे त्यांना सर्वांत जास्त लागलं.

बाई तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाईंनी तक्ता काढून समोर ठेवला. "तुमच्याच हातचं आहे. उत्तम. खाली दोन रेघा."

"चुकलं माझं. खोडा ते."

"पाठवलेला तक्ता खोडता येत नाही. आणि कानाचं खरं असेल तर आत्ताच दुसरी शाळा बघायला सांगा. पहिलीच्या बाईंना जमणार नाही."

"आधी कान तर तपासू द्या. जमण्याचं नंतर बघू," बाई म्हणाल्या आणि दार न लावता बाहेर पडल्या.

आईला सांगायला त्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. आईने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "कुठे न्यायचं?" ती 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

इस्पितळात कानाच्या विभागात तीन आठवड्यांनी नंबर लागला. बाई बरोबर गेल्या. काचेच्या खोलीत शेपटीच्या कानावर मोठे कप लावले. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. ती ठोकळा हातात धरून तपासणाऱ्याच्या हातांकडे बघत बसली. तपासणारा तरुण होता, पण त्यालाही डाव समजला, त्याने हात टेबलाखाली घेतले. मग बराच वेळ डब्यात काही पडलंच नाही. काचेबाहेर बाई उभ्या होत्या, टाक ग, टाक ग, असं पुटपुटत, जणू टाकल्याने कान बरे होणार होते.

बाहेर येऊन तो म्हणाला, "दोन्ही कानांनी कमी येतं. दारं वाजलेली, भांडी पडलेली थोडी कळत असतील, तेही अगदी जवळ असली तर. बोलणं जवळजवळ नाहीच. यंत्र लावलं की चांगला फरक पडेल, पण बोलायला शिकवावं लागेल, रोज, घरी आणि शाळेत. वर्षभर आधी आणलं असतं तर एवढी मागे राहिली नसती. कधी लक्षात आलं तुमच्या?"

बाईंनी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधीच आई म्हणाली, "आत्ताच आलं."

परत येताना बाईंनी विचारायचं ठरवलं होतं, खोटं का बोललात म्हणून. पण शेपूट दोघींच्या मधे बसली होती आणि बाईंच्या प्लास्टरवर नखाने रेघा काढत होती. विचारणं तसंच राहिलं.

कानाच्या मापाचे साचे, मग यंत्र, मग ते आलं नाही, मग आलं पण एकाच कानाचं आलं, असं करता करता दोन महिने गेले. तोवर बाईंचं प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, वळत नव्हता नीट. पहिलीच्या बाईंशी त्यांनी तीनदा भांडण केलं. शेवटी एवढंच कबूल झालं की मुलगी पहिल्या बाकावर बसेल, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, आणि पाच प्रश्न पुढच्या सत्रात विचारायचे. मोठ्या बाई म्हणाल्या, "एका मुलीसाठी एवढं?" बाई म्हणाल्या, "हो, एकीसाठीच." व्याख्यान मात्र दिलं नाही. हल्ली व्याख्यानं बंदच होती. कुणी चार रेघी वही घेऊन आलं तरी बाई आधी विचारायच्या, "घरी काय दिसतं तुम्हाला?" आणि मग गप्प बसायच्या. गप्प बसताना त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "आज एकही नाही," मावशी म्हणायच्या, जरा काळजीनेच.

यंत्र लावून शेपूट पहिल्यांदा वर्गात आली त्या सकाळी आईने कारखान्यातली पाळी बदलून घेतली होती. दोन्ही कानांमागे बोराएवढी यंत्रं, केसांतून तार. बाईंनी आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले, तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि तिचं नाव घेण्यासाठी श्वास घेतला. आठवडाभर त्यांनी मनात याच क्षणाची तयारी केली होती.

नाव तोंडातून निघायच्या आत मावशी दार ढकलून आल्या. शेपूट गर्रकन वळली. बाईंकडे नाही, दाराकडे.

ती दारापाशी गेली. तिने दार लोटलं. ते कुरकुरलं. ती मागे सरली, मग तिने ते ओढलं. पुन्हा कुरकुरलं. तिने आईकडे बघितलं, दाराकडे बोट केलं आणि तोंडाने काहीतरी आवाज काढला, पुष्कळसा त्या दारासारखाच. मग ती उघडत आणि लावत राहिली. बाकीची मुलं थोडा वेळ हसली आणि आपापल्या मण्यांकडे वळली. बाई हाक मारायच्या राहिल्या.

आई भिंतीशी टेकून उभी होती. बाई तिच्याजवळ गेल्या. त्यांना आता बोलायचंच होतं.

"तुम्ही सांगायला आला होतात. मी ऐकून घेतलं नाही. तुमचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. इस्पितळात तुम्ही मला सांभाळून घेतलंत, ते का?"

आई दाराकडेच बघत होती. "तुम्हाला नाही सांभाळलं, बाई. मला त्या माणसापुढे बोलायचं नव्हतं." ती थांबली. या वेळी बाईंनी मधे काही म्हटलं नाही. "तुम्ही म्हणालात, शाळेत एकदम शहाणी आहे. मग मला वाटलं, म्हणजे घरी मुद्दाम करते. मी हाक मारायचे, ही वळायची नाही. म्हणून मारलं मी तिला. एकदा नाही, बऱ्याचदा. पाठीत. आणि ती मागे वळून बघायची ना, तिला कळायचंच नाही कशासाठी."

बाईंपाशी चार व्याख्यानं होती. यावर एकही नव्हतं. त्या आईच्या शेजारी भिंतीला टेकल्या आणि दोघी दाराकडे बघत राहिल्या. दार उघडत होतं, लागत होतं.

तेवढ्यात व्हरांड्यातून कार्यालयाचा शिपाई आला, एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात कागद. दाराच्या मधोमध एक मुलगी उभी असल्यामुळे त्याला थांबावं लागलं.

"अर्ज होता ना तुमचा? तेलाचा. मंजूर झालाय," तो म्हणाला. "हिला जरा बाजूला घ्या."

"राहू दे आज," बाई म्हणाल्या.

"तीन वर्षं मागे लागला होतात."

"हो. राहू दे."

"मग परत कधी येऊ?"

"तिचं पोट भरलं की कळवते," बाई म्हणाल्या. मावशींनी कपाळाला हात लावला. शिपाई बुधली घेऊन परत गेला आणि शेपटीने त्याच्यामागे दार लावलं, मग पुन्हा उघडलं.